हुंगलेलं फूल

माय,

सकाळचा चहा पिऊन झाला आणि तुझी इतकी आठवण आली की दुसरं काही सुचेना, म्हणून कागद घेऊन बसले. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, दुसऱ्यांच्या पोरांकडून आईला पत्रं लिहून घेतली, पण तुला कधी एक ओळ पाठवली नाही. तुला वाचता येत नव्हतं. पाठवलं असतं तर तू ते शेजारच्या कुणाकडून वाचून घेतलं असतंस आणि अर्ध्या हिवरखेडला माझ्या घरच्या गोष्टी कळल्या असत्या. आता ती भीती नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या लेकीनं तुला पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाहिलाय तो तुझा एकच फोटो, माझ्या लग्नातला. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तू पंगतीकडे, कुणाच्या पानात काय कमी पडलं ते शोधत.

तिच्याबद्दलच सांगायचं आहे. तुझी नात चहा चाखायची नोकरी करते. हसू नकोस, अशी नोकरी असते आणि तिचा पगारही मिळतो. कोलकात्याला एका चहाच्या कंपनीत लांबलचक टेबलावर कप मांडलेले असतात. ती चमच्यानं एकेक घोट फुर्रकन ओढते, तोंडात फिरवते, थुंकते आणि पुढच्या कपाकडे जाते. लहानपणी ही बशीतून फुर्र करायची तेव्हा मी तिला पाठीत धपाटा घालायचे, आणि आता त्याच फुर्रवर तिचं पोट चालतं. चालत होतं, म्हणायला हवं. गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. फोडणीचा वास नाही, साबणाचा नाही, गॅस सुरू राहिला तरी पत्ता नाही. आपल्याला वाटतं चव जिभेला कळते. तिनं मला समजावलं की जिभेला गोड, कडू, खारट, आंबट, तुरट एवढंच कळतं, बाकीचा सगळा कारभार नाकाचा. नाक गेलं की चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, कधी ते सांगता येत नाही, आणि काहींचा येतही नाही. कंपनीनं तिची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवतो म्हटलं. त्यानंतर ते तरी काय करणार, नाक नसलेल्या माणसाला त्या टेबलावर कोण उभं करील. पोरगी सामान घेऊन अमरावतीला आली आणि तिच्या जुन्या खोलीत राहायला लागली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती जेवायची, भांडी आवरायची, तुझ्या जावयांसोबत बातम्या बघायची, आणि मधूनच स्वतःचा तळहात नाकाशी नेऊन हुंगायची.

डॉक्टरांनी एक अभ्यास दिला होता. ओळखीचे वास सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, आले नाहीत तरी घ्यायचे, नाकाला आठवण करून देत राहायची. लोक म्हणे लवंग घेतात, लिंबाची साल घेतात. तिनं मोगऱ्याचा हिरवा चहा घेतला. तिच्या कामात तो तिचा खास विषय होता. त्यातली खोट तिला इतरांच्या आधी कळायची म्हणून साहेब लोक तिलाच बोलवायचे. हा चहा कसा करतात ते ऐक, तुला आवडेल. मोगऱ्याच्या टप्प्या कळ्या, उमलायच्या बेतात असलेल्या, चहाच्या पत्तीत थरावर थर लावून ठेवतात. रात्रीतून कळ्या फुलतात, पत्ती त्यांचा वास पिऊन घेते, आणि सकाळी फुलं चाळून काढून टाकतात. पुन्हा नव्या कळ्या, पुन्हा तेच. म्हणून चांगल्या चहात फूल दिसत नाही. पुडीत फुलं दिसली तर ती नुसती शोभेची समजायची, असं तुझी नात सांगते.

करायची रीतही वेगळी. आपल्यासारखं आलं ठेचून, साखर टाकून, उकळ्यांवर उकळ्या आणून चालत नाही. पाणी उकळू द्यायचंच नाही. भांड्याच्या तळाला मोहरीएवढे बुडबुडे धरले की उतरवायचं, चमचाभर पत्ती टाकून झाकायचं, आणि कढईतले पापड तळून होतात तेवढ्या वेळात गाळायचं. जास्त राहिला की कडू होतो. रंग येतो तो जेमतेम गवताचा. तुझ्या जावयांनी पहिल्या दिवशी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "छान आहे. आता चहा करा."

तर हा चहा आम्ही दोघी रोज सकाळी ओट्याशी उभ्या राहून पितो. पहिल्या दिवशी तिनं कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, मला येत नाही, पण तुला येतो. तू सांगत जा काय येतं ते. मी डोळे मिटून ऐकते, म्हणजे डोक्यात तरी राहील." मी कप हातभर लांब धरला आणि सांगितलं, मोगरा येतो. दुसऱ्या दिवशीही मोगरा. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले.

"आई, तू हुंगून राहिली की नुसतं बोलून राहिली? नाक आत घाल ना. भाजणार नाही."

"येतो ना इथून."

"काय येतं? कसा येतो? आधी काय येतं, मागून काय येतं? फुलवालीची पोर आहेस तू."

तिला काय सांगू, की फुलवालीची पोर आहे म्हणूनच माझं नाक खाली जात नाही. मी मान वाकवली, आणि कपापासून चार बोटांवर ती आपोआप थांबली, तू मानगूट धरल्यासारखी.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी. विहिरीजवळच्या तुकड्यातल्या मोगऱ्याच्या कळ्या तू आणि बाबा तांबडं फुटायच्या आत तोडायचे, ओल्या गोणपाटात बांधायचे, आणि तू पहिली एसटी धरून अकोटावरून अकोल्याला जायचीस. सुट्टीत मला सोबत न्यायचीस. गाठोडं वर टाकायचं नाही, कळ्या तापतात, म्हणून ते तुझ्या मांडीवर, आणि मी त्या गाठोड्याला टेकून झोपलेली. जठारपेठेत औषधाच्या दुकानाच्या पायरीशी तुझी जागा होती. तू पाटी मांडायचीस, वर पाणी शिंपडायचीस, आणि गिऱ्हाईक यायच्या आत भरभर गजरे ओवायला घ्यायचीस. त्या दिवशी तू पाणी आणायला नळावर गेली होतीस. माझ्यापुढे पांढरीशुभ्र पाटी होती आणि बघायला कुणी नव्हतं. मी दोन्ही हात टेकले आणि तोंड त्या कळ्यांमध्ये कानापर्यंत बुडवलं. डोकं वर काढलं तर समोर एका गुरुजींच्या घरची बाई, नेहमीची, देवपूजेची फुलं रोज तुझ्याकडूनच नेणारी. आणि तिच्या मागे तू, हातात भरलेली बादली घेऊन. बाई काही वाईट बोलली नाही. "राहू द्या, लेकरू आहे," म्हणाली आणि पुढच्या फुलवालीकडे गेली.

तू मला मारलं नाहीस. बादली ठेवलीस, खाली बसलीस आणि हळूच म्हणालीस, "हुंगलं काय तूनं?"

मी मान हलवली.

"आपून फुलं इकतो पोरी, हुंगत नाई. पयला वास देवाचा. मंग ज्याचं नशीब त्याचा. आता हे कोनाले देऊ मी? नाकानं उष्टं केलं तूनं सारं."

त्या दिवशी देवासाठी कुणी फुलं मागितली की तू "नाईत" म्हणत होतीस, भरली पाटी समोर असताना. गिऱ्हाईक पाटीकडे बघायचं, तुझ्याकडे बघायचं आणि निघून जायचं. फक्त वेणीत माळायला मागणाऱ्या बायकांना तू गजरे दिलेस. उरलेल्या कळ्या उन्हात पिवळ्या पडल्या. परतीच्या एसटीत मी तुझ्या गाठोड्याला टेकले नाही. त्या दिवसापासून फुलाजवळ गेलं की माझा श्वास थांबतो. वर्गातल्या पोरींनी शिक्षकदिनाला गुलाब दिला तरी मी तो छातीशी धरायचे, नाकाशी नाही.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, परवा लेकीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी यायला तयार नव्हते, तू ओढत नेलंस. पायरीशी गोणपाट सोडलंस, कळ्या हातानं मोकळ्या केल्यास, त्यातली सगळ्यांत टप्पी कळी उचललीस आणि माझ्यादेखत नाकाशी नेऊन चांगला लांब श्वास घेतलास. मी तुला फूल हुंगताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरून इकडेतिकडे बघितलं, गुरुजींच्या घरची बाई येते की काय.

"काहून हुंगलं माय?"

"चुकून हुंगल्या गेलं," तू म्हणालीस. तोंडावरची माशी हलली नाही तुझ्या. "आता हे बाद झालं. देवाले चालत नाई अन् गिऱ्हाईकालेबी नाई. घे, तूच घे."

ती कळी मी दिवसभर मुठीत धरली. संध्याकाळी एसटीत ती मुठीतच फुलली. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी तुझ्या हातून एक कळी चुकून हुंगल्या जायची. रोज टप्पीच कळी कशी काय चुकायची, हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा तू नव्हतीस.

लेक हे सगळं ऐकून घेत ओट्यावर बसली होती. म्हणाली, "मग आजीच्या अंगाला काय मस्त वास येत असेल ना." मी म्हटलं, हो, मोगऱ्याचा. हे मी तिला लहानपणापासून सांगत आले आहे. शाळेतल्या बायकांनाही सांगायचे. त्यांच्यापैकी कुणी वकिलाची मुलगी, कुणी प्राध्यापकाची. माझी आई फुलं विकायची म्हटलं की त्या एकमेकींकडे बघायच्या, मग मी म्हणायचे, तिच्या कुशीत झोपलं की मोगऱ्याचा वास यायचा, आणि मग त्या "अगंबाई" म्हणून हळव्या व्हायच्या. लेक म्हणाली, "पुडीतला चहा पुरे झाला. आपण आजीच्या मोगऱ्याचा करू." तुझा मोगरा आता नाही, तिथे संत्र्याची झाडं आहेत, पण मी तिला तसं बोलले नाही. तिला कितीतरी दिवसांनी काहीतरी करावंसं वाटलं होतं.

काल दुपारी मी ऑटो करून देवीच्या देवळाकडे गेले. तिथे एक फुलवाली बसते, बोलण्यावरून अकोटाकडची. मी वाकले तशी म्हणाली, "बाई, हात लावू नका कळ्याइले. नाक तं बिलकुल नाई."

"मी फुलवालीचीच पोर आहे," मी म्हटलं.

"मंग तं तुमाले मालूमच हाय." तिनं कळ्या मोजून नाही, ओंजळीनं घातल्या, तुझ्यासारख्याच. ऊन मी म्हणत होतं. तिनं गोणपाटाचा एक तुकडा बादलीत बुचकळून पिळला आणि त्यात कळ्या बांधून दिल्या. "घरी जायलोक सुकून जातीन नाई तं. हे राहू द्या तुमच्यापाशी."

संध्याकाळी लेकीनं स्टीलच्या डब्यात साधी हिरवी पत्ती आणि कळ्या थरावर थर लावल्या. चहाची पत्ती फार हावरट असते म्हणाली, शेजारी जे असेल त्याचा वास ओढून घेते, म्हणून हिंग, लसूण, सगळं तिनं ओट्यावरून हलवलं. पाण्याचा थेंब लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, अशी मला ताकीद दिली आणि झोपायला गेली. मी भांडी आवरून डब्याला हात लावला तर डबा गरम. मे महिन्यातली अमरावती, पंख्यालासुद्धा घाम फुटतो. आतल्या कळ्या गुदमरताहेत असंच मला वाटलं. तुझा हात माझ्या अंगात कुठून आला कोण जाणे. मी झाकण काढलं, ते गोणपाट पुन्हा ओलं करून घट्ट पिळलं, घडी घालून डब्यावर पांघरलं, तू पाटीवर पांघरायचीस तसं, आणि निश्चिंत झोपले. सकाळी लेक उठायच्या आत ते काढून मागच्या अंगणातल्या तारेवर टाकलं आणि झाकण लावून ठेवलं. उगाच बोलणी कोण खाईल.

कळ्यांची फुलं झाली होती, मऊ, दमलेली. तिनं ती चाळून काढली. पाण्याला मोहरीएवढे बुडबुडे आले, पत्ती पडली, कप भरले. तिनं नेहमीसारखे डोळे मिटून आधी वास घेतला, मग चमच्यानं घोट ओढला. फुर्र. तोंडात फिरवला. आणि थांबली. पुन्हा एक घोट. मग बेसिनमध्ये थुंकली आणि माझ्याकडे न बघता, मी कधीच न ऐकलेल्या आवाजात, तिच्या कामावरच्या आवाजात म्हणाली, "पोत्याचा वास लागलाय. ओलं गोणपाट. हा माल बाद."

मला वाटतं आधी मला कळलं आणि मग तिला. तिचा चमचा हातात तसाच राहिला.

"आई," ती म्हणाली, "हे तू मला सांगितलं नव्हतं."

"नाही."

"तू ठेवलं होतं पोतं?"

मी तारेकडे बोट दाखवलं. ती अनवाणी मागच्या अंगणात गेली, गोणपाट ओढून दोन्ही हातांनी तोंडावर दाबलं आणि तिथेच पायरीवर बसली. मग मात्र रडली, चांगली हमसून हमसून रडली, आणि तुझे जावई आतून पेपर घेऊन धावत आले, काय झालं म्हणून. मी त्यांना सांगितलं, काही नाही, पोरीला वास आला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आपल्याला चहा मिळेल का असं विचारलं. त्यांना असंच बोलता येतं.

डोळे पुसून झाल्यावर तिनं फुलं हुंगून पाहिली. मोगरा अजून येत नाही म्हणाली. लसूण नाही, साबण नाही. फक्त गोणपाट. पण रोज मी मोगरा-मोगरा म्हणायचे तेव्हा तिला कधीकधी आल्यासारखा वाटायचा आणि मग शंका यायची की आपलंच मन खेळ करतंय. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, हे तिचं तिनं धरलं, आणि तेही खोट म्हणून धरलं. एक आला म्हणजे बाकीचे येतील, दिवाळीला वेळ आहे, असं ती स्वतःच म्हणाली. कंपनीत फोन करायचा की अजून थांबायचं यावर ती आता तिच्या वडिलांशी वाद घालते आहे. इतक्या महिन्यांत ती कुणाशी वाद घालत नव्हती. मला ते ऐकायला फार बरं वाटतंय.

"ओतून दे तो चहा," तिनं जाताना मला बजावलं. "बाद आहे."

मी कप उचलला, आणि आज मला कुणी सांगावं लागलं नाही. मान वाकली ती कुठे थांबली नाही. नाकाचा शेंडा चहाला लागला. वर थोडा मोगरा होता. आणि त्याच्याखाली तू होतीस, माय. पहिल्या एसटीतली, मांडीवर गाठोडं घेतलेली. मी तो चहा पूर्ण प्यायले, मग लेकीनं अर्धवट सोडलेला तिचा कपही प्यायले. अगदी वाईट होता.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. तुझ्या अंगाला मोगऱ्याचा वास नव्हता येत. मला तो कधी आला नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, कारण ओल्या गोणपाटाचा वास येणारी आई चारचौघींत कशी सांगायची ते मला कळत नव्हतं, आणि पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. ते गोणपाट अजून मागे तारेवर आहे. तुझे जावई दोनदा म्हणाले, टाकून द्या ते. मी म्हटलं, वाळू द्या आधी. आणि मगाशी, ते आत गेल्यावर, मी जाऊन त्यावर पुन्हा पाणी शिंपडून आले.